रुबी ब्रिजेस सगळ्यांना माहितीये, पण त्याच दिवशी अजून तीन मुली दुसऱ्या शाळेत गेल्या होत्या त्यांचं काय?

तिकडची_इकडे

लेकीच्या शाळेत (तिसरी, न्यू जर्सी) ब्लॅक हिस्टरी मंथचा प्रोजेक्ट आलाय आणि तिच्या वाट्याला रुबी ब्रिजेस आलीये, कोर्टाच्या ऑर्डरवर गोऱ्यांच्या शाळेत गेलेली काळी मुलगी. नॉर्मन रॉकवेलचं ते चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, पांढरा फ्रॉक घातलेली एवढीशी मुलगी, हातात वही आणि पट्टी, मागेपुढे चार धिप्पाड सरकारी माणसं (संरक्षणाला दिलेले मार्शल) ज्यांची डोकी चित्रात आलेलीच नाहीत, आणि मागच्या भिंतीवर फुटलेला टोमॅटो. तर त्याची माहिती काढता काढता कळलं की १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये रुबी एकटी नव्हती, त्याच दिवशी गोऱ्यांच्या दुसऱ्या एका शाळेत अजून तीन मुली गेल्या, लिओना टेट, गेल एटियेन आणि टेसी प्रेव्होस्ट. सगळ्या सहा वर्षांच्या, पहिलीतल्या. मला आजवर ही नावं माहीतच नव्हती!

आता प्रश्न दोन. एक म्हणजे ह्या तिघींना कोणी का ओळखत नाही, पुढे काय झालं त्यांचं? आणि दुसरं, लिटल रॉकला (अर्कान्सा राज्यात) गोऱ्यांच्या शाळेत जाणारी कसं १९५७ मध्ये हायस्कूलची मोठी मुलं होती, नऊ जण, ती निदान समजूतदार तरी होती, इथे सहा वर्षांच्या पोरींना का पुढे केलं? लेक मला विचारतेय आणि माझ्याकडे धड उत्तर नाहीये. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाका, गूगल करून मला सगळीकडे रुबीच दिसतेय.

---

गावठी_घड्याळ

चांगला धागा. लांब होईल पण लिहितो.

आधी दुसरा प्रश्न. काळ्या-गोऱ्यांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा ठरवणारा ब्राउन केसचा निकाल १९५४ चा, पण न्यू ऑर्लिन्समध्ये खटला त्याच्याही आधीपासून, १९५२ पासून चालू होता, ए. पी. ट्युरो नावाचे वकील लढवत होते. निकालानंतरही शाळा बोर्ड आणि लुईझियाना सरकारने जमेल तेवढी टाळाटाळ केली, न्यायाधीश स्केली राइट ऑर्डर काढणार आणि विधानसभा त्याला बगल देणारा नवा कायदा करणार, असं चार वर्षं चाललं. शेवटी १९६० मध्ये राइट साहेबांनीच वेळापत्रक ठरवून दिलं की पहिलीपासून सुरू करा आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवा. म्हणजे हिशोब करा, सगळी शाळा खुली व्हायला बारा वर्षं. सुरुवात सप्टेंबरमध्ये व्हायची होती ती बोर्डाने मुदत मागून नोव्हेंबरवर नेली. लिटल रॉकचा प्लॅन वरून खाली होता, न्यू ऑर्लिन्सचा खालून वर. खालून वर वाल्यांचं लॉजिक असं की लहान मुलं एकमेकांत पटकन मिसळतात, पूर्वग्रह नसतात वगैरे. ते मुलांपुरतं खरंही असेल, पण गेटवर मुलं नव्हती ना उभी, आया उभ्या होत्या. आणि पहिलीपासून सुरुवात केली की सगळं शांततेत होतं असंही नाही, नॅशव्हिलने १९५७ मध्ये तेच केलं होतं आणि तिथे हॅटी कॉटन नावाच्या शाळेत एक काळी मुलगी पहिल्या दिवशी जाऊन आली, त्याच रात्री शाळा डायनामाइटने उडवली.

बरं प्लेसमेंटच्या (कोणतं मूल कुठल्या शाळेत घालायचं ते ठरवण्याच्या) नावाखाली चाळणी किती बारीक लावली बघा. शंभराच्या वर काळ्या पालकांनी अर्ज केले होते. मुलांच्या परीक्षा घेतल्या, घरची चौकशी केली आणि त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं पास केली. प्रत्यक्षात शाळेत गेल्या ह्या चार. गव्हर्नर जिमी डेव्हिस, हा मूळचा गायक, त्याने आणि विधानसभेने शेवटच्या दिवसापर्यंत खटपट केली, १४ तारखेला तर अख्ख्या राज्यात शाळेला सुट्टीच जाहीर झाली. न्यू ऑर्लिन्सच्या शाळा तरी उघडल्या, कोर्टाच्या ऑर्डरवर.

आणि सगळ्यात चीड आणणारा भाग शाळांच्या निवडीचा आहे. अपटाऊनमध्ये म्हणजे शिकलेल्या, पैसेवाल्या गोऱ्यांच्या वस्तीत अशा शाळा होत्या ज्यांच्या पालकांनी स्वतःहून सांगितलं होतं की आमच्या शाळेपासून सुरू करा, आमची तयारी आहे. बोर्डाने त्यांना विचारलंही नाही. दोन्ही शाळा निवडल्या नाइन्थ वॉर्डातल्या, विल्यम फ्रांट्झ (रुबीची) आणि मॅकडोनो १९ (ह्या तिघींची). मार्कांचे निकष लावले म्हणे. तिथले गोरे गरीब कामगार, आधीच चिडलेले की आमच्याच दारात का आणि वकील-डॉक्टरांच्या दारात का नाही. शिवाय मॅकडोनो १९ पासून सेंट बर्नार्ड परगण्याची हद्द जवळ, तिथे लिअँडर पेरेझसारख्या, शाळा मिसळायला कट्टर विरोध करणाऱ्या माणसाचं वजन, त्या परगण्याने लगेच न्यू ऑर्लिन्समधून काढलेल्या गोऱ्या मुलांना आपल्या शाळांत जागा करून दिली. म्हणजे बहिष्कार टाकणाऱ्यांची सोय शेजारीच. ह्याला मी तरी योगायोग म्हणणार नाही, फार तर बेफिकिरी म्हणेन, आणि तेही त्यांना सवलत देऊन.

पहिल्या प्रश्नाचं रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

---

सरळसोट

माहिती उत्तम पण मला एक कळत नाही, कोणी शिव्या घाला हवं तर. आईबापांनी पाठवलंच का? न्याय, हक्क सगळं मान्य, पण सहा वर्षांच्या पोरीला ओरडणाऱ्या जमावातून रोज न्यायचं? मी नसतं पाठवलं. मोठ्यांची लढाई मोठ्यांनी लढावी.

---

रानवारा

@सरळसोट शिव्या कशाला, त्यांच्या घरातही हेच भांडण झालं होतं. रुबीचे वडील एबन ब्रिजेस कोरियन युद्धात लढून आलेले, त्यांचं म्हणणं काहीही बदलणार नाही, उगाच पोरीला त्रास. आई ल्युसिल ठाम. ती मिसिसिपीत दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या घरातली, तिला स्वतःला शाळा नीट मिळाली नव्हती. शेवटी तिचं चाललं. आणि किंमत त्यांनीच मोजली बरं का, एबनची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, ओळखीच्या दुकानात किराणा देईनात, आणि तिकडे मिसिसिपीत आजी-आजोबांना ते वर्षानुवर्षं वाट्याने करत असलेल्या जमिनीवरून उठवलं, नातीने न्यू ऑर्लिन्समध्ये शाळेत नाव घातलं म्हणून! मग एका शेजाऱ्याने एबनला घरं रंगवायचं काम दिलं, गल्लीतले लोक मार्शलच्या गाडीमागून चालत जायचे. तेव्हा मोठे लढत नव्हते असं नाही.

आणि दुसरी बाजू अशी की जवळची शाळा सोडून लांबच्या शाळेत पोरीला पाठवणं हेही काही सुखाचं नव्हतं. फ्रांट्झ घरापासून चालत जाण्याएवढी, तरी रुबी बालवाडीला लांबच्या काळ्यांच्या शाळेत जायची. आईला ते दिसत असणारच ना रोज.

---

सरळसोट

आजी-आजोबांचं माहीत नव्हतं. भयंकर आहे. तरीपण मी नसतं पाठवलं, ल्युसिलबाईंबद्दल आदर ठेवूनच सांगतो.

---

गावठी_घड्याळ

आलो. आता त्या तिघींचं.

रुबीच्या शाळेत काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण तुलना त्यावरच आहे. पहिला दिवस ती आणि आई मुख्याध्यापकांच्या ऑफिसात नुसत्या बसून, काचेतून दिसतंय की गोरे पालक येतायत आणि पोरांना हाताला धरून नेतायत. दुसऱ्या दिवसापासून बार्बरा हेन्री, बोस्टनहून आलेली गोरी बाई, तिच्या वर्गात ही एकटी, वर्षभर. बाहेर रोज बायकांचा घोळका, पेपरवाले त्यांना चीअरलीडर्स म्हणायचे, काय शोभेचं नाव दिलंय बघा. एकीने छोट्या शवपेटीत काळी बाहुली घालून आणली होती, एक रोज ओरडायची की तुला विष घालीन, म्हणून मार्शलनी सांगितलं घरचाच डबा खायचा. तर ही पोर डबा खाईनाशी झाली. सँडविच वर्गातल्या कपाटात लपवायची आणि दूध डिंकाच्या बरणीत ओतायची, उंदीर-झुरळं झाली तेव्हा कुठे लक्षात आलं. कारण काय, तर तिला बाकीच्या मुलांसोबत कॅफेटेरियात जेवायचं होतं. रॉबर्ट कोल्स नावाचे मानसोपचारतज्ज्ञ तिच्याशी बोलायला घरी यायचे, तिच्याकडून चित्रं काढून घ्यायचे. गोरी माणसं ती नीट, मोठी, सगळे अवयव जागच्या जागी अशी काढायची, काळी माणसं लहान आणि कुठे बोटं नाहीत तर कुठे कान नाही.

आता मॅकडोनो १९. तिथेही मार्शल, तिथेही गर्दी. लिओनाने नंतर सांगितलंय की सेंट क्लॉड ॲव्हेन्यूवर एवढी माणसं बघून तिला वाटलं मिरवणूक आहे, रुबीलाही मार्डी ग्रा (तिथला मिरवणुकींचा सण) वाटलं होतं, त्या गावात रस्त्याच्या कडेला लोक जमून ओरडायला लागले की लहान मुलाला दुसरं काय वाटणार. तिघींना आधी बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. मग वर्गात नेलं आणि दिवस संपेपर्यंत वर्गच काय, शाळा रिकामी होत गेली. ते वर्ष जवळजवळ अख्खं त्या तिघीच त्या मोठ्या तीनमजली इमारतीत. खिडक्यांना कागद चिकटवलेले, बाहेरून दिसू नये म्हणून. पाण्याचे नळ बंद, कोणी काही मिसळेल ह्या भीतीने. मधल्या सुट्टीत मैदान नाही, जिन्याखाली खेळायचं. बाई गोऱ्याच, फ्लॉरेन्स मेयर्स.

मग प्रसिद्धी रुबीलाच का? मला वाटतं एक कारण साधं आहे, फ्रांट्झमध्ये बहिष्कार पूर्ण झाला नाही. काही गोरे पालक मुलांना आणत राहिले. लॉइड फोरमन हे मेथडिस्ट पाद्री आपल्या पाच वर्षांच्या पोरीचा हात धरून यायचे, डेझी गॅब्रिएल आपल्या योलांडाला घेऊन यायची. जमावाचा खरा राग ह्यांच्यावर, 'आपल्यातले' फितूर म्हणून. रोज तमाशा तिथे, म्हणून कॅमेरे तिथे. (गॅब्रिएल कुटुंबाला शेवटी शहर सोडावं लागलं, नवऱ्याची नोकरी सुटली, ऱ्होड आयलंडला गेले.) मॅकडोनोमध्ये फितुरी करणारं कोणी उरलंच नव्हतं, रिकामी शाळा, फोटो कसला काढणार? आणि मग १९६४ मध्ये रॉकवेलचं चित्र लुक मासिकात आलं, त्यात एकटीच मुलगी. चित्रात एक मुलगी आली की पुस्तकात एक येते आणि पुस्तकात एक आली की तिसरीच्या प्रोजेक्टमध्येही एकच.

---

तिकडची_इकडे

अरे काय जबरदस्त लिहिलंय! दूध डिंकाच्या बरणीत हे वाचून लेक एकदम गप्प झाली, तीही डबा परत आणते रोज.

पण तिघी एकत्र होत्या म्हणजे रुबीपेक्षा बरं ना तसं?

---

मिसिसिपीकाठची_मावशी

मी बॅटन रूजला असते बरीच वर्षं, न्यू ऑर्लिन्सला जाणं-येणं असतं. मॅकडोनो १९ ची इमारत आहे अजून, त्याबद्दल लिहिते, पण आधी तुझ्या प्रश्नाबद्दल.

पहिल्या वर्षापुरतं बरं म्हणता येईल. तिघी एकमेकींना धरून होत्या, खेळायला कोणीतरी होतं. पण गं त्यांची गोष्ट पहिल्या वर्षात संपत नाही, आणि हे कुठेच सांगत नाहीत. १९६२ मध्ये मॅकडोनो १९ काळ्या मुलांची शाळा करून टाकली, म्हणजे फिरून तिथेच आलो. तिघींना तिसरीत टी. जे. सेम्स नावाच्या दुसऱ्या गोऱ्या शाळेत घातलं. तिथे मार्शल नाहीत, कॅमेरे नाहीत, आणि वर्ग मात्र भरलेले. मारणं, थुंकणं, कपडे ओढणं, रोजचं. शिक्षकही काणाडोळा करणारे, काही तर त्यातलेच. टेसी आणि गेल दोघींनी नंतर मुलाखतींमधून सांगितलंय की खरा छळ सेम्सला झाला, पहिलं वर्ष त्यापुढे काहीच नाही. पहिल्या वर्षी निदान कोणी हात लावू शकत नव्हतं ना.

म्हणून मला ते चार मार्शलवालं चित्र बघितलं की थोडं अर्धवट वाटतं. चित्र सुंदरच आहे, प्रश्न नाही. पण सरकारी माणसं गेल्यावर दोन वर्षांनी काय झालं ते कोणी रंगवलं नाही. रुबीचंही तसंच, दुसरीत गेली तर मिसेस हेन्री नाहीत, मार्शल नाहीत, वर्गात बाकीची मुलं आहेत आणि शाळेतलं कोणी मागच्या वर्षाबद्दल अवाक्षर काढत नाही. मिसेस हेन्रींची आणि तिची पुन्हा भेट झाली थेट १९९६ मध्ये, टीव्हीवर, ऑप्राच्या कार्यक्रमात.

आता इमारत. नंतर तिचं नाव लुई आर्मस्ट्राँग शाळा झालं, मग बंद पडली, आणि २००५ च्या कत्रिना चक्रीवादळात लोअर नाइन्थ वॉर्ड अख्खा पाण्याखाली गेला त्यात तीही गेली. वर्षानुवर्षं खिडक्या ठोकून उभी होती. लिओना टेटने तिच्यासाठी फाउंडेशन काढलं, मागे लागली, पैसे उभे केले, आणि २०२२ मध्ये ती टेप सेंटर म्हणून उघडली, टेट, एटियेन, प्रेव्होस्ट ह्यांची आद्याक्षरं. खाली प्रदर्शन वगैरे आणि वर ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वस्तातली घरं. म्हणजे ज्या इमारतीत तीन काळ्या मुली नकोत म्हणून सगळे पळाले तिच्या मालकांमध्ये आज त्यातलीच एक आहे. मला हे फार आवडलं, नुसता पुतळा उभारून मोकळं होण्यापेक्षा. (पुतळाही आहे, रुबीचा, फ्रांट्झच्या आवारात.) टेसी २०२४ मध्ये गेली. लिओना, गेल आणि रुबी तिघी सत्तरी ओलांडलेल्या, रुबी अजूनही शाळांमध्ये मुलांशी बोलायला जाते.

---

धारवाडी_पेढा

अवांतर होईल पण राहवत नाही. एका मुलाचं नाव शाळेत घालायला संबंध सरकार हादरतं हे आपल्याकडे शंभर वर्षं आधी झालेलं आहे. १८५६, धारवाड, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने नाही म्हणून कळवलं, कारण दिलं की ह्या एकाला घेतलं तर बाकीचे सगळे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. मॅकडोनो १९ मध्ये झालं ते हेच, फक्त तिथे कोर्टाने शाळा रिकामी झाली तरी चालेल म्हणून मुलींना आत ठेवलं, इथे मुलाला बाहेर ठेवलं. डॉ. बाबासाहेबांनी ह्या प्रकरणावर लिहिलेलं आहे, शोधून वाचा.

---

रानवारा

@धारवाडी_पेढा हे भारी आहे, ह्यावर वेगळा धागा काढाच.

---

सरळसोट

धारवाडवर धागा हवाच, +१.

मावशी, सेम्सचं वाचून माझं मत अजून पक्कं झालं खरंतर. पण एक विचारायचंय, एवढं सगळं करून शाळा मिसळल्या का शेवटी? आज काय आहे तिथे?

---

गावठी_घड्याळ

@सरळसोट खरं सांगायचं तर फारशा नाही. काळी मुलं न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी शाळांत १९६० च्या आधीपासूनच बहुसंख्य होती, नंतर गोरी कुटुंबं उपनगरात आणि खाजगी शाळांत जात राहिली. कॅथलिक शाळा १९६२ मध्ये आर्चबिशप रमेल ह्यांनी खुल्या केल्या, विरोध करणाऱ्या लिअँडर पेरेझला त्याच वर्षी चर्चमधून बहिष्कृत केलं, तेवढा एक ठोस दणका. कत्रिनानंतर जवळपास सगळ्या सरकारी शाळा चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या) झाल्या, फ्रांट्झच्या इमारतीतही चार्टर शाळाच आहे.

पण 'काय उपयोग झाला' असा हिशोब मी तरी मांडणार नाही. खटला शाळा मिसळण्यापेक्षा जास्त करून ह्यासाठी होता की सरकारने कातडी बघून दार लावायचं नाही. ते दार उघडलं. पलीकडचे लोक घर विकून पळाले ह्याचं बिल ह्या चौघींच्या नावावर कसं फाडणार? आणि तुझ्या मुद्द्यावर, मोठ्यांनी लढावं हे बरोबरच, पण कोर्टाने दार पहिलीचंच उघडलं होतं. पहिलीत जायला सहा वर्षांचंच कोणीतरी लागणार होतं.

रच्याकने, मॅकडोनो नावाचीही गंमत आहे. जॉन मॅकडोनो हा गुलाम बाळगणारा धनाढ्य, १८५० मध्ये वारला आणि संपत्ती न्यू ऑर्लिन्स आणि बाल्टिमोरच्या गरीब मुलांच्या शाळांसाठी ठेवून गेला, मृत्युपत्रात गोरी आणि काळी दोन्ही मुलं लिहिलेली होती! त्या पैशातून नंबर घातलेल्या शाळा निघाल्या, १९ नंबर त्यातलीच. दरवर्षी मुलं त्याच्या पुतळ्याला फुलं वाहायला जायची, त्यातही आधी सगळ्या गोऱ्या शाळा आणि तोवर काळी मुलं उन्हात ताटकळत. १९५४ मध्ये काळ्या पालकांनी आणि शिक्षकांनी त्यावर बहिष्कार टाकला आणि जवळजवळ कोणीच गेलं नाही. ट्युरो वकिलांचा खटला चालू असतानाच हे झालं. म्हणजे १९६० ची तयारी गावात आधीपासून होती, चार मुली अचानक आकाशातून पडल्या नाहीत.

---

तिकडची_इकडे

सगळ्यांना मनापासून थँक्स, मी दोन ओळींच्या उत्तराची अपेक्षा केली होती! लेकीने ठरवलंय की पोस्टरवर चौघींची नावं लिहायची. टीचरला आधी ईमेल केला की विषय रुबी दिलाय पण बाकीच्या तिघी चालतील का, ती म्हणाली मलाच माहीत नव्हतं, आणा. आता पोस्टरवर जागा कमी आहे, मजकूर मावत नाहीये, काय ठेवू काय काढू?

---

मिसिसिपीकाठची_मावशी

रॉकवेलचं चित्र काढून टाक, ते सगळे लावणार आहेत. त्याऐवजी न्यू ऑर्लिन्सचा नकाशा लाव, त्यावर दोन्ही शाळांना टिकल्या लाव, मध्ये इंडस्ट्रियल कॅनाल दाखव, आणि लांब पश्चिमेला अपटाऊनवर एक टिकली, 'इथल्या पालकांनी हो म्हटलं होतं' एवढंच लिहून. आणि सेम्स शाळा विसरू नका, तिला वेगळ्या रंगाची टिकली. टेप सेंटरला यायचं असेल तर आधी त्यांच्या साइटवर वेळ बघून ये, आणि आलीस तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, जेवायला घरीच या.